आधी पदार्थ ओळख
चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या आणि आरसा घासायला निघालेल्या भाचीला मामाचा कानमंत्र

पोरी, तू चष्म्याच्या दुकानात काम शिकायला लागलीस आणि दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा स्वतः घासायचंही मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद आहे. ही दोन्ही कामं एकाच घराण्यातली. चष्म्यात उजेड भिंगातून पार जातो, दुर्बिणीच्या आरशावरून तो परत फिरतो. दोन्हीकडे माझं सांगणं एकच: हातात आलेली वस्तू कशाची बनली आहे ते आधी ओळख, मग तिला हात लाव. कशाने पुसायचं, किती तापू द्यायचं, कुणाला द्यायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

नावातला पदार्थ शोध, पण नावावर विसंबू नकोस

चष्मा हा शब्द फारसीतून आला. तिकडे ‘चश्म’ म्हणजे डोळा. दुर्बीणही तिथलीच: दूर आणि ‘बीन’, म्हणजे पाहणारी. ही नावं वस्तूचं काम सांगतात. चाळिशी हे नाव वय सांगतं. लेन्स हे नाव आकार सांगतं, कारण लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूर, आणि दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग मसुराच्या दाण्यासारखंच दिसतं.

काही नावांत मात्र पदार्थ दडलेला असतो. जर्मन माणूस चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतो. हा शब्द बेरिल या पारदर्शक खड्यावरून आला, कारण जुनी भिंगं अशा खड्यांतून घासून काढत. बेरिल आलं ग्रीक ‘बेरुल्लोस’वरून, आणि ग्रीकांनी ते आपल्या प्राकृतातल्या ‘वेरुलिय’वरून घेतलं. तेच संस्कृतातलं वैडूर्य. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने बेरिल भारतातून येतं असं नोंदवलं आहे. आपल्या ‘बिलोरी’ या शब्दाचं मूळही अभ्यासक अरबी-फारसीमार्गे तिथेच नेतात. पुढे १७९८ साली व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला बेरिलमध्ये नवं मूलद्रव्य सापडलं. ते बेरिलियम. २०२१च्या डिसेंबरमध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाचे अठराही तुकडे याच धातूचे आहेत. हलका, ताठ आणि कडाक्याच्या थंडीत आकार न सोडणारा धातू म्हणून त्याची निवड झाली. वर सोन्याचा अतिशय पातळ थर दिला, कारण अवरक्त किरण सोन्यावरून फार चांगले परततात.

पण नाव टिकतं आणि त्याखालचा पदार्थ बदलतो, हेही लक्षात ठेव. आजच्या ‘ब्रिले’त बेरिल नसतं. तुझं गिऱ्हाईक ‘काच बदलायची आहे’ म्हणेल, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या फ्रेममध्ये प्लॅस्टिक असेल.

भिंगाची जात हातानेच कळते

खरी काच बोटाला थंड लागते, जड असते, नखाने हळूच टिचकी मारली तर खणखणते. प्लॅस्टिकचा आवाज बसका येतो. चष्म्याच्या नेहमीच्या क्राउन काचेचा अपवर्तनांक १.५२३. ती सहजासहजी चरत नाही, पण फुटली तर तिच्या कपच्या डोळ्यात जाऊ शकतात.

प्लॅस्टिकांत सगळ्यात जुनं आणि अजूनही भरवशाचं म्हणजे सीआर-३९. कोलंबिया रेझिन या मालिकेतलं ३९ क्रमांकाचं हे मिश्रण अमेरिकेत १९४०च्या सुमारास तयार झालं, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलं गेलं. याचं वजन काचेच्या साधारण निम्मं, अपवर्तनांक १.५०, आणि यातून रंग फारसे फाटत नाहीत. मध्यम नंबराच्या माणसाला हे सुचवताना कचरू नकोस. स्वस्त आहे म्हणून ते हलक्या दर्जाचं ठरत नाही.

पॉलिकार्बोनेट १.५९चं. ते आघात सोसतं, म्हणून लहान मुलं, खेळाडू आणि लेथवर काम करणारे कारागीर यांना तेच दे. रिमलेस फ्रेमसाठी भोकं पाडायची असतील तरी हेच बरं, कारण सीआर-३९ भोकापाशी तडकतं. पण पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग मऊ असतो, त्यामुळे वर कडक कोटिंग हवंच. त्यातून कडेला बघताना अक्षरांभोवती रंगीत झालर दिसू शकते. ही झालर मोजायला अ‍ॅबे अंक असतो. जर्मनीतल्या येना शहरात काचेच्या शास्त्राला बैठक देणाऱ्या एर्न्स्ट अ‍ॅबेचं नाव त्याला दिलं आहे. अंक जितका मोठा तितके रंग कमी फाटतात. सीआर-३९चा अंक ५८च्या आसपास, पॉलिकार्बोनेटचा ३०च्या आसपास.

१.६७ किंवा १.७४चं हाय इंडेक्स भिंग पातळ होतं, पण त्याचाही अ‍ॅबे अंक तिशीतलाच. म्हणून उणे दोन नंबराच्या माणसाच्या गळ्यात १.७४ मारू नकोस. उणे नंबराचं भिंग कडेला जाड होत जातं, तेव्हा आधी लहान आणि चेहऱ्याला नीट बसणारी फ्रेम निवड. अर्धी जाडी तिथेच आटोक्यात येते. मोठा नंबर असेल, तर मात्र हाय इंडेक्सचा खर्च सार्थकी लागतो.

गडद गॉगल विकताना अतिनील किरण अडवण्याची खात्री असल्याशिवाय तो पुढे करू नकोस. गडद भिंगामागे बाहुली मोठी होते, आणि किरण अडले नाहीत तर जास्तच आत शिरतात.

आधी पाणी, मग कापड

रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने कोरडं भिंग पुसलं की तेच कण भिंगावर रेघा ओढतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांग: चष्मा आधी नळाच्या साध्या पाण्याखाली धर, भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एक थेंब बोटाने फिरव, धू, पाणी झटक, मग मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने टिप. गरम पाणी नको. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तर जवळही नको, कारण ते पॉलिकार्बोनेट आणि अ‍ॅसिटेटची फ्रेम दोन्ही खातं.

चष्मा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, हेही सांग, आणि कारणासकट सांग. उष्णतेने प्लॅस्टिक बरंच फुगतं, त्यावरचा परावर्तनरोधी थर तितका फुगत नाही, म्हणून त्या थराला बारीक तडे जातात. असे तडे पुसून जात नाहीत. कारण कळलं की माणूस सूचना पाळतो.

फ्रेमचंही तेच. अ‍ॅसिटेट हे कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनतं. ते गरम करून वळवता येतं, पण घाम आणि तेल साचलं की पांढुरकं पडतं. कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेल्या फ्रेमा आज याच अ‍ॅसिटेटच्या असतात. पूर्वी त्यासाठी खरोखर समुद्री कासवं मारली जात. त्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय बंदी आहे. नाकाला किंवा कानामागे खाज येते अशी तक्रार आली तर फ्रेममध्ये निकेल आहे का बघ आणि टायटॅनियम सुचव. धातूवर हिरवट किटण दिसलं तर आत तांबं आहे आणि घामाने ते गंजतंय असं समज.

दुर्बिणीच्या आरशाला बोट लावू नकोस

घरातल्या आरशाची चांदी काचेच्या मागे असते, त्यामुळे पुढची काच कशीही पुसली तरी चालतं. दुर्बिणीच्या आरशाचा चकचकीत थर पुढच्या बाजूला असतो. केरळातल्या आरन्मुळा गावचा धातूचा आरसा कधी मिळाला तर त्यावर बोट टेकवून बघ. बोट आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसत नाही, कारण पृष्ठभागच आरसा आहे.

तो आरसा तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा असतो. न्यूटनने १६६८ साली पहिली परावर्तक दुर्बीण केली, तेव्हा त्याने वापरलेला स्पेक्युलम धातूही याच जातीचा होता. त्याने त्यात थोडं आर्सेनिकही घातलं होतं. लॅटिनमध्ये ‘स्पेक्युलम’ म्हणजे आरसा. हा धातू आलेल्या उजेडाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग परत देतो आणि दमट हवेत काळवंडतो. लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये १८४५ साली ७२ इंची दुर्बीण उभारली, तेव्हा असे दोन आरसे करून घेतले: एक दुर्बिणीत, दुसरा पॉलिशला.

१८५७च्या सुमारास काचेवर चांदी चढवायची रीत दुर्बिणीत आली आणि काम हलकं झालं. पुण्यात कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभ्या केलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची वीस इंची परावर्तक दुर्बीण याच परंपरेतली. ती पुढे कोडाईकनालला गेली. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, म्हणून १९३०च्या दशकात निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमचा थर द्यायला सुरुवात झाली. अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा बसतो आणि त्याला राखतो. पण तो थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. म्हणून थोडी धूळ राहू दे. तिने फारसं बिघडत नाही, पुसल्याने बिघडतं. फारच मळला तर वाहत्या पाण्याने धू, शेवटी ऊर्ध्वपातित पाणी ओत, आणि उभा ठेवून वाळू दे.

काच घेताना ती किती फुगते ते विचार

साधी काच एका अंशाच्या फरकाने जितकी फुगते, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश बोरोसिलिकेट काच फुगते. म्हणूनच पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीचा आरसा १९३४ साली पायरेक्समध्ये ओतला आणि महिनोन्महिने सावकाश निववला. पुढे शॉट कंपनीचं झेरोडूर आलं. ते जवळजवळ फुगतच नाही. तुझ्या सहा इंची आरशाला साधी जाड काचही चालेल, पंचवीस मिलिमीटरच्या आसपास जाडीची. मात्र ती बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत तासभर थांब आणि मगच डोळा लाव. आरसा गरम असला की ग्रह थरथरताना दिसतो आणि दोष दुर्बिणीवर येतो.

घासताना घाई नको, खर बदलताना स्वच्छता हवी

काचेच्या दोन चकत्या, खालची पिंपावर बसवलेली, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची घासायची भुकटी, म्हणजेच खर. वरची चकती पुढेमागे सरकव, थोडी फिरव, आणि तूही पिंपाभोवती फिरत राहा. वरची आपोआप खोल होते, खालची फुगीर. सहा इंची व्यास आणि बाराशे मिलिमीटर नाभीय अंतर असेल, तर मधली खोली सव्वा मिलिमीटरही भरत नाही. जाड खरापासून बारीक खराकडे जाताना प्रत्येक वेळी हात, टेबल, बादली, नखं सगळं धू. जाड खराचा एक कण मागे राहिला तरी ओरखडा पडतो आणि आधीच्या टप्प्यावर परत जावं लागतं. पॉलिशला राळेचा थर आणि सेरियम ऑक्साइड. पॉलिशचं काम आपल्या वेळेनेच होतं, जोर लावून ते लवकर उरकत नाही.

आता पोटतिडकीने सांगतो ते ऐक. आरसा एकाच पद्धतीने तपासून पुढे जाऊ नकोस. तुला साधायचा नेमकेपणा मिलिमीटरच्या पंधरा हजाराव्या भागाइतका आहे. डोळ्याला तो दिसत नाही, फूकोच्या चाकूधार चाचणीत दिसतो. तिच्यासोबत आणखी एक चाचणी कर, आणि निकाल जुळले नाहीत तर थांब. हबल दुर्बिणीचा आरसा अतिशय सुबक घासला होता, पण तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या चाचण्यांनी दोष दाखवला होता, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९९० साली दुर्बीण वर गेल्यावर चित्रं अंधूक आली आणि १९९३ साली अंतराळवीरांना वर जाऊन दुरुस्ती करावी लागली.

दोन गोष्टी कायमच्या. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, भिंगांवर बुरशी धरते. चामड्याच्या पेटीत ओल राहते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेव आणि जेल वेळोवेळी वाळव. आणि दुर्बिणीच्या तोंडाला खात्रीचा सौर फिल्टर लावल्याशिवाय तिच्यातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, कुणाला बघू द्यायचं नाही. त्याने क्षणात दृष्टी जाते.

जे आहे तेच सांग, आणि लिहून ठेव

व्हेनिसमधल्या स्फटिक कारागिरांच्या संघाने १३००च्या सुमारास नियम केला होता: साधी काच स्फटिक म्हणून विकायची नाही. त्या नियमांत डोळ्यांसाठीच्या भिंगांचाही उल्लेख आहे. म्हणजे आपल्या धंद्याच्या जन्मापासूनचा हा धर्म आहे. तूही तो पाळ. प्रत्येक पाकिटावर भिंगाचा पदार्थ, इंडेक्स आणि कोटिंग लिही आणि गिऱ्हाइकाला वाचून दाखव. तुझ्या आरशाच्या पाठीवर काचेची जात, नाभीय अंतर आणि थर दिल्याची तारीख कोरून ठेव. पुढे तो दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, तर काय धुवायचं, काय टाळायचं, नवा थर कधी द्यायचा, हे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.