मारुतीला पाणी कुठवर आले? : शहराचे ज्ञान आणि संगणक

पावसाळ्यात गोदावरी फुगू लागली, की जुन्या नाशकात एकच प्रश्न ऐकू येतो : “मारुतीला पाणी कुठवर आलं?” रामकुंडाच्या परिसरात गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टी आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा ही तिच्यावरची मापे. पाणी अमुक मापाला पोचले, की घाटावरच्या टपऱ्या उचलायच्या; त्याच्या वर गेले, की सराफ बाजारातील माल वरच्या फळीवर न्यायचा, हा हिशेब तेथील माणसांना कोणी पुस्तकातून शिकविलेला नाही. १९६९, २००८, २०१६, २०१९ अशा सालांच्या पुरांनी तो शिकविला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे ‘नागरी सुविधांच्या व्यवस्थापनासाठी ज्ञानाधिष्ठित माहिती प्रणाली’. नाव भारदस्त असले, तरी कल्पना या मारुतीपाशीच समजून घेता येते.

माहिती व ज्ञान यांत भेद आहे. ‘पाणी छातीपर्यंत आले’ ही माहिती. ‘पाणी छातीपर्यंत आले असेल आणि धरणातून विसर्ग वाढत असेल, तर बाजार रिकामा करावा’ हे ज्ञान. माहितीला ‘जर’ आणि ‘तर’ यांची जोड मिळाली, की तिच्यातून निर्णय निघतो. नुसती माहिती साठविणारा संगणक म्हणजे मोठे कपाट होय. ज्ञानाधिष्ठित प्रणालीत मात्र तीन भाग असतात : वस्तुस्थितीची नोंद, जाणकारांकडून मिळविलेले नियम, आणि त्या दोहोंची सांगड घालून निष्कर्ष काढणारी अनुमान-यंत्रणा.

या विचाराचा गाजलेला प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या दशकात झाला. ‘मायसिन’ नावाची ही प्रणाली रक्तातील जंतुसंसर्गावर औषध सुचवीत असे. तिच्यात सुमारे सहाशे नियम होते. तिचा खरा विशेष असा, की वापरणाऱ्याने ‘का?’ असे विचारले, तर कोणत्या नियमावरून आपण या मतास आलो हे ती सांगे. हा ‘का?’ आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता नाशिककडे वळू. शहराच्या वरच्या बाजूस गोदावरीवर गंगापूर धरण आहे. ते १९६५ साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट. धरण मातीचे आहे, आणि मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू देता येत नाही, कारण त्याने बांधच वाहून जाण्याचा धोका असतो. म्हणून धरण भरत आले आणि पाऊस थांबला नाही, तर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. सोडलेले पाणी शहरात पोचायला काही अवधी लागतो. सावध होण्यासाठी नागरिकांना मिळतो तो एवढाच वेळ.

परंतु पूर केवळ धरणामुळे येत नाही. धरण आणि शहर यांच्या मधल्या मुलखात कोसळलेला पाऊस कोणत्याही दरवाजाने अडत नाही. खुद्द गावातही सरस्वती नाल्याचे पाणी दहीपूल, सराफ बाजार या भागांत शिरते. आणि नदीच तुडुंब असेल, तर नाल्याला पाणी टाकायला जागा उरत नाही, ते उलटे फिरते. म्हणजे सराफ बाजारात गुडघाभर पाणी एकच, पण कारणे तीन! कारण वेगळे, तर उपायही वेगळा. धरणाचा विसर्ग, होळकर पुलाजवळची पातळी, गावातला पाऊस आणि नाल्याची अवस्था या चारही गोष्टी एकत्र पाहून ‘आज कारण कोणते?’ हे सांगणे, हे ज्ञानाधिष्ठित प्रणालीचे खरे काम आहे.

बांधकामाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. निळी व लाल यांच्या दरम्यान अटी घालून परवानगी देता येते. महाराष्ट्रात २०२० साली आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीसारखे ग्रंथ म्हणजे ‘जर-तर’ नियमांचे भांडारच होय, आणि इमारतीचा नकाशा अशा नियमांशी ताडून पाहण्याचे काम संगणक आता करूही लागला आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेला, की शंभर वर्षे निश्चिंती, असे नव्हे. तो पूर दर वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते. लाल रेषेवर बांधलेले घर पन्नास वर्षे उभे राहिले, तर त्या काळात असा पूर एकदा तरी पाहण्याची शक्यता गणिताने सुमारे चाळीस टक्के भरते. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षांतच ती चौसष्ट टक्क्यांच्या घरात जाते. घर घेणाऱ्याला ‘परवानगी आहे’ एवढेच कळते. ही टक्केवारी त्याला कोणी सांगत नाही. चांगल्या प्रणालीने ‘हो’ किंवा ‘नाही’ याबरोबर ‘का’ हेही सांगितले पाहिजे, ते यासाठी.

मात्र नियमालाही वय असते. मारुतीच्या छातीचे पाणी बाजारात कुठवर जाईल, हे नदीच्या पात्रावर ठरते. पात्रात काँक्रीट पडले, नवा पूल उभा राहिला, काठावर भर घातली गेली, तर मूर्ती तीच राहून तिचा अर्थ बदलतो. जुना जाणकार एक-दोन पुरांत हे ओळखतो. संगणक मात्र कालचाच नियम पूर्ण आत्मविश्वासाने सांगत राहतो. म्हणून प्रत्येक नियमापुढे तो कोणी सांगितला, कोणत्या साली, कोणत्या परिस्थितीत, याची नोंद हवी. आणि प्रत्येक मोठ्या बांधकामानंतर तो पुन्हा तपासला पाहिजे.

दुसरी अडचण अधिक मानवी आहे. १९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी मिळून महानगरपालिका झाली. साहजिकच वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हातांनी टाकलेल्या नळवाहिन्या व गटारे एका शहराच्या पोटात आली. अशा कोणत्याही शहरात कागदावरचा नकाशा काही सांगतो आणि व्हॉल्व्ह फिरविणाऱ्या कामगाराचा हात काही वेगळेच जाणतो. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, कोणते गटार पहिल्या पावसातच तुंबते, हे त्याला ठाऊक असते. तो निवृत्त होतो त्या दिवशी त्याला शाल-श्रीफळ मिळते आणि हे सारे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते.

हे ज्ञान गोळा कोण करणार? धरणे व पाणी यांवर संशोधन करणारी ‘मेरी’ ही संस्था १९५९ पासून नाशकातच आहे. तांत्रिक ज्ञानाची उणीव येथे नाही. पण घाटावरच्या दुकानदाराशी, नावाड्याशी, सफाई कामगाराशी धीराने बोलणे, त्याच्या शब्दांतला नेमका अर्थ पकडणे, आठवणीतले साल पडताळून पाहणे, हे काम भाषा, इतिहास आणि भूगोल शिकणाऱ्यांचे आहे. प्रणाली रचणाऱ्यांनाही सर्वांत कठीण जाते ते यंत्र बनविणे नव्हे, तर जाणकाराच्या मनातला नियम त्याच्याकडून वदवून घेणे.

म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा विषय अभियंत्यांचा म्हणून बाजूला सारू नये. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्यापैकी चार-पाच जणांनी वही घेऊन सराफ बाजारात जावे आणि तेथल्या वडीलधाऱ्यांना दोनच प्रश्न विचारावेत : मारुतीला पाणी कुठवर आले, की तुम्ही दुकान हलविता? आणि का?