पिकअप गाडीचे ब्रेक ऑइल केव्हा बदलावे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर भागातून कांदा भरलेली पिकअप कल्याणच्या मार्गाने माळशेज घाट उतरते, तेव्हा तिचे ब्रेक अतिशय तापतात. म्हणून ब्रेक ऑइलची परीक्षा माल भरण्यापूर्वीच करावी.

हे तेल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ जातीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ते १४० अंशांच्या सुमारासही उकळू शकते. मग नळ्यांत वाफ होते, दाब वाफेतच जिरतो आणि पेडल तळाला टेकूनही ब्रेक लागत नाही.

पेडल मऊ लागणे व तेल काळपट होणे ही बिघाडाची लक्षणे होत. मात्र रंग स्वच्छ असला म्हणजे तेलात पाणी नाही, असे समजू नये. गाडीच्या पुस्तिकेतील मुदत, बहुधा दोन वर्षे, कटाक्षाने पाळावी.

तेलाची पातळी घटल्यास गळती अथवा झिजलेले लायनर तपासावे. नुसती भर घालणे हा उपाय नव्हे. इंजिन ऑइल मुळीच घालू नये. त्याने रबरी वॉशर फुगून निकामी होतात. पूर्वी उघडलेल्या बाटलीतील तेल वापरू नये. तेल बदलल्यावर नळ्यांतील हवा जाणत्या मिस्त्रीकडून काढून घ्यावी.