छेद बोटभर, दुखणं नाही

अगं, भुशी डॅमवर सगळी पोरं उघडीबंब भिजतात आणि तुझा लेक टी-शर्ट अंगावरून काढत नाही, म्हणून त्याला लाजरा म्हणतेस? छातीतला खड्डा लपवतोय तो. शाळेत दरवर्षी बाल स्वास्थ्यवाले तपासायला येतात, त्यांच्यापुढेही शर्ट काढला नसेल बघ.

हे जन्मजात असतं, उंची वाढू लागली की डोळ्यात भरतं. बरगड्या आणि छातीचं हाड यांच्यामधली कूर्चा वेडीवाकडी वाढते, हाड आत ओढलं जातं. गरोदरपणी तुझं काही चुकलं नाही, सासूबाई काहीही म्हणोत. आणि तेल चोळून खड्डा भरत नसतो.

कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढताना तो बरोबरीच्या पोरांच्या मागे पडतो का, ते नीट बघ. डॉक्टर आधी तेच विचारतील. मग स्कॅन. त्यात छातीची रुंदी भागिले हाडापासून मणक्यापर्यंतचं अंतर असा हिशेब करतात. साधारण अडीच येतं, 3.25 च्या पुढे गेलं की खड्डा खोल धरतात. त्याच्या आत असेल आणि पोराला त्रास नसेल, तर उगाच कापाकापी कशाला?

ऑपरेशन ठरलंच, तर 1987 साली अमेरिकेत डोनाल्ड नस यांनी सुरू केलेली पद्धत आहे. दोन्ही काखांखाली छोटे छेद, दुर्बिणीतून बघत हृदय सांभाळायचं, बाकदार पट्टी हाडामागून सरकवायची आणि उलटी फिरवायची. हाड तिथल्या तिथे वर येतं. पट्टी दोन-तीन वर्षं आत राहते, मग काढतात.

पण छेद बोटभर म्हणून दुखणंही बोटभर, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. चांगलंच दुखतं गं. सुरुवातीला हसलं, शिंकलं तरी कळ येते. कुशीवर झोपायचं नाही, दप्तर तू उचलायचंस, कबड्डी काही महिने बंद. दहावीचं वर्ष तर टाळच. आणि हे सगळं आधी त्याला सांग. छाती त्याची आहे.

लोकलने पुणे स्टेशनला उतर, शेजारीच ससून. लहान मुलांच्या सर्जनला दाखव. अशी ऑपरेशनं किती केलीत, हे बिनधास्त विचार. फुले योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला विचार. आणि पट्ट्याच्या बकलने त्याच्या पोटावर पुरळ उठतं ना, ते न विसरता सांग. छातीतल्या पट्टीतही बहुतेक निकेल असतं; सोसत नसेल तर टायटॅनियमची घालतात.