घर मिळाले, पण कुटुंब रुजले का?

शास्त्रभाग : यिर्मया 29:4-7 आणि 32:6-15

विस्थापित कुटुंब नव्या जागी उतरले की पहिल्या आठवड्यात मदतीला तोटा नसतो. चादरी येतात, भांडी येतात, धान्याची पोती येतात, फोटो निघतात. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र त्या दारात सहसा कोणी जात नाही. ते कुटुंब तिथे टिकणार की पुन्हा उठणार, हे बहुधा त्याच सुमारास ठरते. या पाठात आपण त्या मधल्या काळाचा विचार करणार आहोत. वरील दोन्ही शास्त्रभाग आधी वाचून घ्यावेत.

1. बंदिवानांना आलेले पत्र

इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतील राजा, सरदार, कारागीर आणि त्यांची कुटुंबे बाबेलला नेली. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना पत्र पाठवले. त्याच दिवसांत हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाने तसे सांगितले नाही. त्याने लिहिले की घरे बांधा व त्यांत राहा, मळे लावा व त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात आला आहात त्याचे भले व्हावे म्हणून झटा व प्रार्थना करा.

या पत्रातील तीन गोष्टी ध्यानात घेऊ. पहिली, घरे बांधण्यास त्यांनाच सांगितले आहे. कोणी बांधून देईल असे नाही. दुसरी, मळा लावला म्हणजे लगेच फळ मिळत नाही, मध्ये ऋतू जावे लागतात. तिसरी, बाबेलने केले ते योग्य होते असे यिर्मया कुठेच म्हणत नाही. विस्थापितांना ‘आता गप्प राहा, मिळाले त्यात समाधान माना’ असे सुनावण्यासाठी हा शास्त्रभाग वापरू नये. अन्यायाबद्दल बोलणे आणि नव्या मातीत बी पेरणे ही दोन्ही कामे माणसाला एकाच वेळी करावी लागतात.

2. नर्मदाकाठाहून तळोद्याकडे

आपल्या जवळचे उदाहरण सरदार सरोवराचे आहे. या धरणामुळे महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली. ती सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत नर्मदेच्या काठाने पसरलेली. मणिबेली हे त्यांतले पाण्याच्या तोंडाशी असलेले पहिले गाव. भिल्ल आणि पावरा कुटुंबांपैकी काहींचे पुनर्वसन तळोदा तालुक्यातील वसाहतींत झाले, तर काही कुटुंबे गुजरातेत गेली. त्यामुळे एकाच गावाचे, कधी एकाच भावकीचे, दोन राज्यांत तुकडे झाले.

नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा 1979 मध्ये आला. ज्या कुटुंबाची पाव हिश्श्याहून अधिक जमीन जाईल त्याला किमान 2 हेक्टर ओलिताखाली येणारी जमीन द्यावी, सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरावा, घरासाठी 60 फूट बाय 90 फुटांचा भूखंड द्यावा, असे त्यात ठरले. दर 100 कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, दर 50 कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर आणि एका झाडाभोवती पार हवा, हेही त्यात लिहिले आहे. पाराचा उल्लेख वाचून समाधान वाटते. माणसांना नुसते छप्पर पुरत नाही, टेकायला आणि बोलायलाही जागा लागते, हे निवाडा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. मात्र झाड लावले तरी त्याची सावली पडायला दहा वर्षे जातात, आणि कागदावरचे सारे प्रत्यक्षात मिळवताना पुष्कळांच्या उमेदीची वर्षे गेली.

3. काय सुटते, ते पाहू

डोंगरातल्या पाड्यावर घरे एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचे घर त्याच्या शेतालगत, हाकेच्या अंतरावर. वसाहतीत मात्र भूखंड ओळीने असतात. शेजाऱ्याची कोंबडी आपल्या अंगणात, आपला धूर त्याच्या घरात. यातून किरकोळ कुरबुरी होतात आणि बाहेरचा माणूस म्हणतो, ‘हे लोक भांडखोर आहेत.’ खरे तर ती माणसे जवळ राहायला शिकत असतात.

डोंगरात सरपण, मोहाची फुले, चारोळी, डिंक, बांबू, नदीतली मासळी यांना पैसे पडत नव्हते. सपाटीवर सरपणालाही पैसे आणि चाऱ्यालाही पैसे. चराईची जागा नाही म्हणून गुरे विकली जातात, आणि गुरे गेली की शेणखत, बैलजोडी व अडीअडचणीची शिल्लक एकदमच जाते. म्हणून हाती 2 हेक्टर जमीन असूनही घरात रोख पैशाची चणचण भासते.

शेतीही बदलते. उतारावरच्या हलक्या मातीत ज्वारी, मका, तूर, उडीद आणि बारीक धान्ये मिसळून पेरण्याची रीत होती. एक पीक बुडाले तरी दुसरे तारत असे. तापीच्या बाजूच्या भारी जमिनीत कापूस, ऊस अशी पिके दिसतात. ती पैसा देतात, पण आधी बियाणे, खत आणि औषधासाठी पैसा मागतात. एका हंगामात पाऊस चुकला की उसनवारी, दुसऱ्या हंगामात चुकला की दिवाळीनंतर सगळे कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत. घर असते, दाराला कुलूप असते, आणि मुलांची शाळा सुटलेली असते.

हीच ती दुसरी उठाठेव. ती कोणत्याही धरणाच्या यादीत नोंदली जात नाही.

4. मडक्यातील खरेदीखत

आता दुसरा शास्त्रभाग पाहू. यरुशलेमेला वेढा पडला आहे, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, मोहोरबंद आणि उघडा असे दोन्ही कागद बारूखाकडे देतो व ते पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो.

संदेष्ट्याने कागदपत्रांची इतकी काळजी घ्यावी याचे नवल वाटते का? ज्यांनी विस्थापितांमध्ये काम केले आहे त्यांना वाटणार नाही. सातबाऱ्यावर नाव चढले नाही तर पीककर्ज नाही. पूर्वी रेशनकार्ड जुन्या गावच्या दुकानाला जोडलेले राहिले तर धान्यासाठी हेलपाटे पडत. शाळा सोडल्याचा दाखला हरवला तर मुलाचा प्रवेश अडतो. राज्य बदलले असेल तर जातीच्या दाखल्याचा प्रश्न वेगळाच. 2013 च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्यात अनुसूचित जमातींच्या कुटुंबांचे पुनर्वसन शक्यतो त्याच अनुसूचित क्षेत्रात, एकत्र वस्तीने व्हावे आणि त्यांच्या आरक्षणाच्या सवलती नव्या ठिकाणीही चालू राहाव्यात अशी तरतूद आहे. ती माहीत असलेला एखादा निवृत्त तलाठी, शिक्षक किंवा कारकून आपल्या मंडळीत असेल, तर त्याची एक दुपार दहा चादरींहून मोलाची आहे.

5. आधीपासून तिथे असलेले शेजारी

यिर्मयाने नगराचे भले पाहण्यास सांगितले, कारण त्या नगरात आधीपासून राहणारे लोक होते. तळोद्यात पुनर्वसनासाठी वनजमीन मोकळी करण्यात आली, तेव्हा त्यातली काही जमीन आधीच कोणी कसत होते, आणि ते कसणारेही आदिवासीच होते. एका गरिबाची सोय करताना दुसऱ्या गरिबाचा घास जातो आणि मग दोघे एकमेकांकडे संशयाने पाहतात. म्हणून नव्या वसाहतीत वाटप करताना जुन्या पाड्याला वगळू नये. आरोग्य शिबिर घ्यायचे तर दोघांसाठी, मुलांची अभ्यासिका चालवायची तर दोघांची. विहिरीवर आणि शाळेत ओळख झाली की बांधावरचे भांडण सोपे होते.

6. आपण काय करावे

पहिले, विचारावे. पुष्कळ कुटुंबे जुन्या घराचे खांब, वासे, कौले उतरवून सोबत आणतात. ते सागवान आजोबांनी घडवलेले असते. आपण पत्र्याची शेड उभारून देण्याआधी त्यांना हे लाकूड वापरून आपल्या पद्धतीचे घर उभे करायचे आहे का, हे विचारावे. हवे असल्यास गवंड्याची मजुरी किंवा वाहतुकीचा खर्च द्यावा.

दुसरे, मदतीची विभागणी वर्षभर करावी. सगळे पैसे पहिल्या महिन्यात न संपवता काही भाग मृगाच्या पेरणीसाठी, काही आषाढ-श्रावणातल्या ओढगस्तीसाठी आणि काही दुसऱ्या वर्षाच्या बियाण्यासाठी राखावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची मुले मागे राहू शकतील अशी सोय करता आली तर फारच उत्तम.

तिसरे, त्यांच्यातली परस्पर मदत मोडू नये. एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचे आणि त्याने त्या दिवशी जेवण घालायचे, देशावर जिला इर्जिक म्हणतात तशी रीत डोंगरातही आहे. वसाहतीत आल्यावर ती मजुरीच्या हिशेबात विरून जाते. पहिल्या नांगरणीला त्या जेवणाचे धान्य आपण पुरवले, तर एका शेताबरोबर जुने नातेही उभे राहते.

चौथे, बायांशी बोलावे. पाणी कुठून आणतात, न्हाणीला आडोसा आहे का, माहेर किती लांब पडले, बाळंतपणाला कोण येते? हे प्रश्न सभेत पुरुषांसमोर विचारून उत्तर मिळत नाही. महिला मंडळाच्या भगिनींनी घरी बसून, घाई न करता विचारावेत. मुलांच्या भाषेकडेही लक्ष द्यावे. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी आणि सीमेपलीकडे गेलेल्यांना गुजराती. मूल वर्गात मुके बसते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे.

पाचवे, अट घालू नये. धान्याच्या पोत्यामागे आपल्या सभेला येण्याची अपेक्षा ठेवली तर ते दान राहत नाही. होळीला त्यांना जुन्या गावाकडच्या माणसांत जायचे असेल तर जाऊ द्यावे. बाबेलमधल्या लोकांनाही यरुशलेम विसरा असे कोणी सांगितले नव्हते.

7. रुजल्याची खूण

कुटुंब स्थिरावले हे कशावरून ओळखावे? घराच्या चावीवरून ते कळत नाही. घरामागे लावलेली शेवग्याची फांदी किंवा आंब्याची कोय जगली का ते पाहावे. पाहुणा आला तर त्याला स्वतःच्या शेतातल्या दाण्यांची भाकर मिळते का? मुलीचे लग्न याच अंगणात ठरले का? शेजारच्या पाड्यावर कोणी वारले तर हे लोक खांदा द्यायला गेले का? या खुणा दिसायला तीन-चार पावसाळे लागतात. तेवढे पावसाळे आपण त्यांच्यासोबत राहू शकतो का, हा या पाठाचा खरा प्रश्न आहे.

गटचर्चेसाठी
1. आपल्या मंडळीच्या परिसरात धरण, खाण, रस्ता किंवा मजुरीमुळे उठून आलेली कोणती कुटुंबे आहेत? त्यांच्या घरी आपण शेवटचे कधी गेलो?
2. हनन्यासारखी खोटी आशा आणि ‘गप्प राहा’ असा खोटा उपदेश, या दोन्ही टाळून विस्थापितांशी कसे बोलता येईल?
3. पुढील वर्षाच्या मदतनिधीतून दुसऱ्या हंगामासाठी किती रक्कम बाजूला ठेवता येईल? हे आजच ठरवावे व लिहून ठेवावे.

प्रार्थना
हे प्रभो, ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना नव्या मातीत पीक दे. त्यांच्या हक्काचे कागद सुरक्षित राख. जुने व नवे शेजारी एका विहिरीवर सुखाने पाणी भरोत. आणि आम्हांला पहिल्या आठवड्यापुरते नव्हे, तर पुढचे पावसाळेही त्यांच्या दारी जाण्याचा धीर दे. आमेन.