येत नाही म्हणून सुटका नाही

द्रोणागिरी,
ऑगस्ट २०२५

चि. मुक्तास,


तुझा तो लांबलचक मेसेज नीट वाचला. ताईने तुला पुण्याला जाताना नवा कुकर बांधून दिला आणि तू तो खोक्यासकट पलंगाखाली ढकलून दिलास. त्यावरून तुम्हा मायलेकींचं जे वाजलं, त्यात मला पंच करू नका. पण तू जे लिहिलंस ते नुसतं भांडण नाही, म्हणून हे पत्र. तू म्हणतेस, 'आईला सगळं येत होतं, म्हणूनच सगळं तिच्या गळ्यात पडलं. मला काही येतच नाही म्हटल्यावर माझ्या गळ्यात कोण बांधणार? आणि ओंकारला कधी कुणी विचारलंय का कुकर हवा का म्हणून?'

तुझ्या भावाचा, ओंकारचा मुद्दा बिनतोड. त्याच्याकडे मी नंतर येते.

तुझा राग मला पटतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभरातल्या माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली होती. स्वयंपाक, धुणी, झाडलोट अशा बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. आता ९७ वाचून तुला वाटेल, अगदीच वाईट नाही. पण ही सरासरी काम करणाऱ्यांपुरतीच आहे, आणि दिवसभरात असं काही काम केलेले पुरुष निघाले शंभरात सव्वीस. बायका एक्क्याऐंशी. उरलेले चौऱ्याहत्तर पुरुष त्या दिवशी उपाशी झोपले असतील असं वाटत नाही.

तर राग बरोबर आहे, त्यावर काढलेला उपाय मात्र चुकलाय. 'येतं म्हणून गळ्यात पडतं' हे खरं का, ते जरा तपासून बघू. तू उरणची पोर, करंज्याचं मासेमारी बंदर काही तुला नवं नाही. तिथल्या मोठ्या बोटी एकदा निघाल्या की कित्येक दिवस परतत नाहीत. बर्फ, डिझेल, गोडं पाणी यांच्याबरोबर तांदूळ, मसाला, कांदे-बटाटे बोटीवर चढतात. बाई चढत नाही. तांडेलाचं आणि खलाशांचं रोजचं जेवण त्यांच्यातलाच एक गडी रांधतो, तेही डुलत्या बोटीवर, पाणी मोजून वापरत. बोटीवरच्या कालवणाची चव घरच्या कालवणाला येत नाही, हे मी करंज्याच्या बायकांच्याच तोंडून ऐकलंय. मग १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. तोच गडी दोन महिने घरी असतो. 'तुला येतं ना, मग आता तूच रांध,' असं त्याला म्हणणारं घर मला तरी अजून भेटायचंय. त्याला येतं, पण त्याच्या गळ्यात पडत नाही.

उलट माझ्या आईचं बघ, म्हणजे तुझ्या आजीचं. लग्न झालं तेव्हा तिला साधी भाकरी थापता येत नव्हती. न येण्याची ती सवलत सासरी आठवडाभरही टिकली नाही. आधी बोलणी खाल्ली, मग हात भाजले, मग शिकली. तेव्हा बाई, काम कुणाच्या वाट्याला येतं हे ते कुणाला जमतं यावरून ठरत नाही. नाही म्हणायची सोय कुणाला आहे, यावरून ठरतं. तुला ती सोय पाहिजे ना? मग ती नोकरीतून मिळव, स्वतःच्या नावावरच्या बँकखात्यातून मिळव, लग्न ठरवताना तोंड उघडून मिळव. भात लावता येत नाही, याच्या आडोशाला उभं राहून ती मिळायची नाही.

आणि रांधण्याचं तेच कौशल्य बाईला उभंही करतं. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून खोल्यांमधून दाटीने राहत. त्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका कामगारांचा पगार होईपर्यंत उधारीवर माल आणत आणि सावकाराचं व्याज भरता भरता टेकीला येत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. त्यासाठी कुणी एकही नवा पदार्थ शिकली नव्हती. भात-आमटी तीच, फक्त तिचा हिशेब आता त्यांच्या हातात आला. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना भोंगे आणि संप सगळे सांगतात. त्या भोंग्याला वेळेवर पोचणाऱ्या गड्याच्या पोटात कुणाचं अन्न होतं, ते फार थोडे सांगतात.

आता तू विचारशील, मग प्रत्येकाला पुरणपोळी यायलाच हवी का? मुळीच नको. मी स्वतः चकल्या विकत आणते आणि 'घरचंच हवं' म्हणणाऱ्यांना सोऱ्या हातात देते. घरकाम म्हणजे काही तपश्चर्या नव्हे. यंत्राने होत असेल तर यंत्राने करावं, पैसे देऊन करून घेता येत असेल तर करून घ्यावं. तू पोळ्यांना मावशी लावल्यास त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पगार वेळेवर दे, हक्काची सुट्टी दे. घरकाम करणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे, त्यात तिची नोंदणी झालीय का ते विचार. पण मुक्ता, करपलेली कढई एकदा स्वतः घासलेली असली की कामाच्या बाईच्या दोनशे रुपयांच्या वाढीवर घासाघीस करताना जीभ अडखळते. ज्याने घासलेली नाही त्याला ते काम फुकटातलंच वाटतं. न शिकून तू जे काम टाळतेस, ते तुझ्या वतीने दुसरी एखादी बाईच करत असते, बहुतेक तुझ्याहून गरीब. तुझ्या बंडाचा खर्च तिने का सोसावा?

शिकायचं किती, याचं माझं माप वेगळंच आहे. 'मला माझ्यापुरतं करता आलं पाहिजे' असं हल्ली सगळे म्हणतात. स्वतःपुरतं काय, माणूस दोन दिवस वेफर्स खाऊनही काढतो. माझं माप असं: बाहेर पाऊस कोसळतोय, कामाच्या बाई यायच्या नाहीत, डबेवाल्याने फोन बंद ठेवलाय आणि घरात एक माणूस तापाने पडलंय. असे दोन दिवस तुझ्या भरवशावर त्या माणसाला काढता येतील का? येत असतील तर तू मोठी झालीस. नाही तर नाही, पगार कितीही असो.

बघ त्यात काय काय येतं. मऊ भात किंवा पेज. पातळ वरण. जुलाब होत असतील आणि मेडिकलचं दुकान बंद असेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजपंचे नाही, मोजून, कारण मीठ जास्त झालं तर अपाय होतो. ताप किती आणि गोळी किती वाजता दिली ते कागदावर लिहून ठेवणं. घामाची चादर बदलून धुणं आणि पावसाळ्यात ती वाळवणं, हे आमच्या द्रोणागिरीत वेगळं शास्त्र आहे; खाडीची हवा इतकी ओली की रात्री दोरीवर घातलेलं सकाळी जास्तच भिजलेलं सापडतं. शिवाय इमारतीचं पाणी कधी येतं, टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठला एमसीबी पाडला की गीझर बंद होतो. यातलं एकही अवघड नाही आणि यातल्या एकावरही बाई किंवा पुरुष असं लिहिलेलं नाही.

गॅसचं मात्र वेगळं सांगते, कारण तिथे न येणं महागात पडतं. आमच्या मजल्यावर चार मुलं भाड्याने राहतात, सगळी कंटेनर यार्डात नोकरीला, शिकलेली, बोलायला गोड. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी जिन्यात गॅसचा वास आला. दार ठोठावलं तर एकाने उघडलं, नाक मुरडलं आणि वास घालवायला एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला. मी एवढ्या जोरात ओरडले की तो जागच्या जागी थिजला. बटण दाबताना आत ठिणगी पडते. आधी रेग्युलेटर बंद, मग दारंखिडक्या उघड्या, आणि कुठलंही बटण चालू नाही की बंद नाही. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. मग बाहेर येऊन गॅसगळतीसाठीच्या १९०६ ला फोन. नंतर पाहिलं तर त्यांच्या शेगडीची नळी तडकलेली. ती दर पाच वर्षांनी बदलायची असते, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आणि राहतात कुठे, तर उरणात! इथल्या ओएनजीसीच्या प्रकल्पात हा गॅस निघतो, इथेच सिलिंडर भरले जातात. चौघांनाही कंटेनरवरचे धोक्याचे लाल-पिवळे शिक्के तोंडपाठ, पण स्वतःच्या ओट्याखाली काय ठेवलंय ते नाही. त्यांच्या आया त्यांना मूर्ख समजत नव्हत्या, लाडके समजत होत्या. परिणाम तोच.

आता ओंकार. इथल्या यार्डात लागल्यापासून तो माझ्याकडे राहतो हे तुला ठाऊकच आहे. आल्या आल्या त्याने पांढरा शर्ट नव्या जीन्सबरोबर मशीनमध्ये टाकला. तो निळसर शर्ट तो अजून वापरतो, मी नवा घेऊ दिला नाही. एकदा बाथरूम धुवायला लावलं तर ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड एकाच बादलीत ओतायला निघाला. बारावीला रसायनशास्त्रात ऐंशीच्या वर मार्क आहेत त्याला. म्हटलं, काय तयार होईल सांग. चेहरा उतरला आणि म्हणाला, 'क्लोरीन.' ठाऊक होतं, पण ते बाथरूमलाही लागू आहे असं कधी कुणी त्याला म्हटलं नव्हतं.

सुरुवातीला तोही कुरकुरला, 'मावशी, मुलगे करतात का हे?' मी त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचं साताऱ्याचं वसतिगृह सांगितलं. १९२४ सालची गोष्ट. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि वसतिगृहाची कामं स्वतःच्या हाताने करायची. त्या काळात हे किती मोठं होतं ते समजून घे: आपलं उष्टं कुणी उचलायचं, हे जन्मावरून ठरवणाऱ्या समाजात ती पोरं कामाच्या पाळ्या लावत होती. आपल्या फुंड्याचं वाजेकर कॉलेज भाऊरावांच्याच रयत शिक्षण संस्थेचं. ओंकार रोज त्या बाजूने जातो, म्हणून त्याला ते नाव घेऊन सांगितलं. लगेच पटलं असं नाही. पण आता भात, वरण, अंड्याची पोळी आणि इस्त्री एवढं त्याचं बिनबोभाट चालतं.

तरी खरं काम त्याला अजून जमलेलं नाही आणि ते तुलाही जमलेलं नाही, म्हणून सांगते. तो विचारतो, 'मावशी, काय करू?' सांगितलेलं चोख करतो. पण मीठ संपत आलंय, दूधवाल्याचे पैसे राहिलेत, सिलिंडर नोंदवायला हवा, तांदळाला जाळी धरायला लागलीय, हे सगळं डोक्यात मीच वागवते. हातांचं काम त्यामानाने सोपं असतं गं, ध्यानात ठेवण्याने माणूस थकतो. तुझी आई संध्याकाळी सोफ्यावर बसलेली असायची तेव्हाही ती कामावरच असायची. ते तुम्हा दोघांनाही कधी दिसलं नाही आणि तुमच्या बाबांना तर नाहीच नाही. म्हणून ओंकारला मी आता नवं काम दिलंय: या महिन्याची घरातली सगळी आठवण त्याच्याकडे. मी विचारणार नाही, सुचवणार नाही. परवा चहाची पावडर संपली. मी गप्प बसले. दोघांनी गरम पाणी प्यायलं.

पुढेमागे तुला बघायला कुणी आलं आणि स्वयंपाक येतो का असं विचारलं, तर येतो म्हणून सांग आणि लगेच उलट विचार, 'तुमच्याकडे शेवटचा सिलिंडर कधी लागला?' मुलाने आईकडे पाहिलं तर काय ते समजून जा. त्याला पदार्थ किती येतात ते विचारू नकोस. आठवड्यातून एकदा पनीर करणारे आणि त्याचे फोटो टाकणारे पुष्कळ झालेत.

तर तो कुकर बाहेर काढ. शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहा, रबराची रिंग नीट बसव, आत पाणी घातल्याशिवाय चढवू नकोस. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी. पहिला भात गचका होईल, होऊ दे, दही घालून खा. ताईला मात्र लगेच फोन करून सांगू नकोस, ती विजयोत्सव करेल. तुझं 'नाही' तुझ्याकडेच ठेव, ते तिच्यापाशी नको वापरूस, वापरायची खरी जागा येईल तेव्हा वापर.

गणपतीला सुट्टी मिळतेय का ते कळव. पनवेलला उतरून बेलापूर गाठ आणि तिथून उरण लोकल धर. गाड्या थोड्या आहेत, वेळ बघून नीघ. येताना तुमच्याकडच्या मंडईतून चांगला लसूण आण, इथला भिजका मिळतोय. जेवण ओंकार करणार आहे, भांडी तुझ्याकडे. मी त्या दिवशी वर्तमानपत्र वाचणार आहे.

तुझी,
मावशी