हिरवा बिल्ड, चुकीची तारीख

टीममध्ये नवा माणूस आला की त्याला आधी गिटची लिंक मिळायची आणि पाठोपाठ चॅटवर एक झिप यायची. "ही उघड, त्यातली स्क्रिप्ट चालव, मग बिल्ड होईल." झिपमध्ये आहे काय, हे कुणी विचारत नसे, कारण स्क्रिप्ट चालवली की बिल्ड खरंच होत असे. हिंजवडीतल्या आमच्या प्रोजेक्टवर हे बिनबोभाट चालू होतं. जावाचा बॅकएंड, रिॲक्टच्या स्क्रीन, क्लायंट शिकागोचा. रिलीजचा बिल्ड टीममधल्या सगळ्यांत जुन्या माणसाच्या लॅपटॉपवर व्हायचा आणि तिथूनच पुढे जायचा.

मग क्लायंटच्या ऑडिटमध्ये अट आली: यापुढे बिल्ड लिनक्स सर्व्हरवर, आणि फक्त गिटमध्ये जे आहे त्यावरूनच. काम माझ्याकडे आलं. मॅनेजरसाहेबांच्या मते दुपारपर्यंत उरकण्यासारखं होतं.

सर्व्हरवर क्लोन केला, बिल्ड लावला आणि लगेच फेल. मेव्हनला एक जार सापडेना. जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

"अरे, ती ना, ती माझ्या एम-टूमध्ये आहे. झिपमध्येपण आहे बघ."

"पण आली कुठून?"

"मी जॉइन झालो तेव्हापासून आहे."

मेव्हन डाउनलोड केलेल्या जार आपल्या मशीनवर होम फोल्डरमधल्या एम-टू नावाच्या फोल्डरात साठवतो. हाताने घातलेली जारही तिथेच बसते आणि मग ती जगात दुसरीकडे कुठेही नाही, हे कळायला काही मार्ग राहत नाही. झिपमधली स्क्रिप्ट प्रत्येकाच्या मशीनवर हेच गुपचूप करत होती. अशी जार कंपनीच्या आर्टिफॅक्ट सर्व्हरवर नीट व्हर्जन नंबर देऊन ठेवावी. तशी ठेवली आणि पुढे गेलो.

मग रिॲक्टची बाजू अडली. 'मॉड्यूल सापडत नाही.' फाइल तर समोर दिसत होती. फरक एका अक्षराचा होता: कोडमध्ये नाव कॅपिटल 'आर'ने सुरू होत होतं, गिटमध्ये स्मॉल 'आर'ने. मॅक आणि विंडोज सहसा हा फरक मानत नाहीत, लिनक्स मानतो. कुणीतरी मॅकवर फाइलचं नाव नुसतं कॅपिटल केलं होतं. अशा मशीनवर गिटही केसकडे काणाडोळा करतो, त्यामुळे बदल कमिटमध्ये गेलाच नाही आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवर मात्र सगळं चालत राहिलं. नाव बदलायचं तर फाइंडर किंवा एक्सप्लोररमधून बदलू नका, 'गिट एमव्ही' वापरा. ही एक सवय लागली तरी अर्धा दिवस वाचतो.

पुढची अडचण कॉन्फिग फाइलची. त्यात डेटाबेसचा पासवर्ड, म्हणून ती गिटइग्नोरमध्ये होती. हे बरोबरच होतं. चूक एवढीच, की तिची रिकाम्या किमतींची नमुना प्रत रेपोत नव्हती, त्यामुळे बिल्डला कुठल्या सेटिंग लागतात हे फक्त झिपला ठाऊक. नमुना कमिट करा, खरे पासवर्ड सर्व्हरच्या सीक्रेट स्टोअरमध्ये ठेवा. आणि पासवर्ड कधी चुकून कमिट होऊन पुश झालाच, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून हायसं वाटून घेऊ नका. हिस्टरीत ती तशीच असते. आधी पासवर्ड बदला, हिस्टरी नंतर साफ करा. गिटइग्नोरचीही एक गंमत आहे: जी फाइल आधीच ट्रॅक होते आहे, तिच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. ती आधी 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' लावून इंडेक्समधून काढावी लागते. ही विचारणा माझ्याकडे अजून अधूनमधून येते.

एवढं झाल्यावर बिल्ड हिरवा झाला. टेस्ट पास. डेव्हलपरांनी स्क्रीन उघडून पाहिल्या, ठीक होत्या. रिलीज गेला.

दुसऱ्या दिवशी शिकागोहून मेल आला: इन्व्हॉइसवर देय तारीख एक दिवस आधीची दिसते आहे.

आम्ही पुण्यात तीच स्क्रीन उघडली, तर तारीख बरोबर! जावास्क्रिप्टमध्ये वेळ न देता '2023-03-15' अशी नुसती तारीख डेट ऑब्जेक्टला दिली की ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच, दिवस तोच. शिकागो मागे, तिथे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ. भारतात बसून अमेरिकेचं काम करणाऱ्यांना हा बग स्वतःच्या डोळ्यांनी दिसूच शकत नाही. तेव्हापासून आमच्या टेस्ट भारत आणि शिकागो अशा दोन टाइमझोनमध्ये चालतात.

पण तारखेचा कोड कुणी बदलला? गिटमध्ये बायसेक्ट म्हणून एक फार सुंदर सोय आहे. चांगला कमिट आणि वाईट कमिट सांगा, मधला कमिट तो काढून देतो, तुम्ही तपासायचं, मग उरलेल्यातला मधला. हजार कमिट असले तरी साधारण दहा खेपांत गुन्हेगार हाती लागतो. मी ते चालवलं. मागे, आणखी मागे, जो कमिट काढावा त्यात बग हजर! मागच्या रिलीजचा कमिटसुद्धा वाईट निघाला, आणि तो रिलीज तर क्लायंटकडे महिनाभर बिनतक्रार चालला होता.

म्हणजे आमचा कोड बदललाच नव्हता. बदललं होतं आमच्या कोडखालचं.

पॅकेज-लॉकची फाइल कधीकाळी गिटइग्नोरमध्ये गेली होती. कारण विचारलं तर उत्तर आलं, "मर्जला सारखे कॉन्फ्लिक्ट यायचे." पॅकेज-जेसनमध्ये लायब्ररीच्या नंबरापुढे टोपीचं चिन्ह असतं, 1 किंवा त्यापुढच्या व्हर्जनसाठी त्याचा अर्थ असा, की पहिला आकडा बदलत नाही तोवर पुढची कुठलीही आवृत्ती चालेल. लॅपटॉपवर कधीची उतरवलेली जुनी आवृत्ती होती. सर्व्हर कोरा, त्याने सगळ्यांत नवी घेतली, आणि तिने तारीख वाचायची पद्धत बदलली होती. बायसेक्टच्या प्रत्येक खेपेला मीही नव्याने इन्स्टॉल करत होतो, म्हणजे दर वेळी तीच नवी आवृत्ती. बायसेक्ट बिचारं काय करणार?

म्हणून लॉक फाइल कमिट करायचीच, यावर आता चर्चा नाही. सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' नाही, 'एनपीएम सीआय'. तो आधीचं नोड-मॉड्यूल्स उडवून लॉकमध्ये लिहिलेलं तेवढंच आणतो, आणि लॉक आणि पॅकेज-जेसनचं जुळलं नाही तर सरळ नकार देतो. कॉन्फ्लिक्टचं म्हणाल, तर लॉक फाइल हाताने जुळवत बसू नये. पॅकेज-जेसनमधला तंटा सोडवा आणि 'एनपीएम इन्स्टॉल' चालवा, लॉक तो जुळवून देतो. आणि लॉकमधला बदल रिव्ह्यूमध्ये डोळ्यांखालून घाला. तिथे हजार ओळी बदललेल्या असतात आणि आपण सगळे ते पान मिटून पुढे जातो, हे मला माहीत आहे.

लॉकने सगळंच भागतं असंही नाही. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं जेमतेम 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड कोसळले. नंबर लॉकमध्ये असून उपयोग काय, वस्तूच नाही. कंपनीत स्वतःचा मिरर असावा तो यासाठी.

त्याहून बोलकं प्रकरण एक्सझेड-युटिल्सचं. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगइनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो खणत गेला आणि मागचं दार सापडलं. ते उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिट रेपोत नव्हतीच. रिलीज म्हणून वाटलेल्या टारबॉलमध्ये तेवढी होती. गिटमधला कोड डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. आमची झिप निरुपद्रवी होती, पण जात तीच.

रोजच्या कामात एवढं तरी करा. पुश करण्याआधी 'गिट क्लीन'ला एक्स, डी आणि एन हे तीन पर्याय लावून चालवा. एनमुळे काही डिलीट होत नाही, नुसती यादी मिळते: फोल्डरमध्ये असलेल्या पण गिटला माहीत नसलेल्या सगळ्या फाइलींची. एन मात्र विसरू नका. त्याच्या जागी एफ पडला तर ती यादी कायमची गेली. रीफ्लॉगही वाचवत नाही, कारण तो फक्त कमिट झालेल्याचा हिशेब ठेवतो. रिलीजच्या आधी रिकाम्या फोल्डरमध्ये नवा क्लोन आणि तिथे बिल्ड, तोही एम-टू बाजूला ठेवून. वेळ लागतो, लागू द्या.

जुन्या फाइली उरल्याचा संशय आला तर आधी क्लीन बिल्ड. 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं तेव्हापासून फाइल बदलली की नाही हे तो तिच्या वेळेवरून ठरवतो, मजकुरावरून नाही. ब्रँच बदलली की गिट फरक असलेल्या फाइली नव्याने लिहितो, त्यांची वेळ 'आत्ता'ची होते आणि मेक निमूटपणे त्या परत बिल्ड करतो. दोन ब्रँचवर एकाच वेळी काम असेल तर 'गिट वर्कट्री'ने दुसरा फोल्डर काढा, ही ये-जाच थांबते.

आणखी एक: बिल्डमध्ये कमिटच्या हॅशची पहिली काही अक्षरं छापून ॲपच्या 'अबाउट' पानावर दाखवा. क्लायंटचा फोन आला की आमची सपोर्टची मुलगी हल्ली दुसरं काही विचारण्याआधी तीच अक्षरं वाचून दाखवायला सांगते.