इंग्रजीचा वर्ग, बायबलचा धडा आणि शिक्षकाचा हेतू

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा. परभणीच्या बसस्थानकाजवळ एक पाटी लागली आहे : 'मोफत इंग्रजी संभाषण वर्ग. रोज सायंकाळी सहा ते सात.' तुम्ही आनंदाने नाव नोंदवता. आठवडाभर छान शिकवतात. मग एके दिवशी तुमच्या हातात बायबलमधली एक गोष्ट येते आणि शिक्षक म्हणतात, "आज हा धडा वाचूया."

आता तुम्ही काय कराल? वर्ग सोडाल? गुपचूप बसाल? की विचाराल, "सर, हा धडा इंग्रजीचा आहे की धर्माचा?"

इंग्रजी शिकवता शिकवता ख्रिस्ती धर्माची ओळख करून देण्यासाठी आजही अनेक देशांत शिक्षक जातात. असे करावे की करू नये, यावर इंग्रजीच्या शिक्षकांमध्येच वाद आहे. पण आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही बरं का. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यातल्या मुलांपुढे आणि त्यांच्या आईवडिलांपुढे तो उभा राहिला होता. तेव्हा काय घडले ते आज पाहूया.

सुरुवात उलटी झाली होती

आपल्याकडे पहिला मोठा प्रयत्न इंग्रजी शिकवण्याचा नव्हता, तर मराठी शिकण्याचा होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा आत्मसात केली आणि ख्रिस्ताची कथा चक्क ओवीछंदात लिहिली. तो 'क्रिस्तपुराण' हा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. ऐकणाऱ्याच्या कानाला ओवीची सवय आहे, तर आपण ओवीतच बोलावे, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश प्रसिद्ध केला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि आधी कोकणात हर्णैला राहून मराठी शिकले. म्हणजे आपला धर्म सांगायला आलेल्या माणसाला आधी विद्यार्थी व्हावे लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

मग इंग्रजी कशासाठी?

१८३० मध्ये अलेक्झांडर डफ यांनी कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. मुंबईत विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. विचार असा होता : मुलांना इंग्रजी हवी आहे, कारण तिच्यामुळे नोकरी मिळते. आपल्याला बायबल शिकवायचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वर्गात होतील.

डफ यांच्या शाळेचा पहिला दिवस प्रसिद्ध आहे. मुलांच्या हाती बायबल आले तशी कुजबुज सुरू झाली. तिथे राजा राममोहन रॉय हजर होते. त्यांनी मुलांची समजूत घातली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता : मी कुराण वाचले म्हणून मुसलमान झालो नाही, बायबल वाचले म्हणून ख्रिस्ती झालो नाही. वाचा आणि स्वतः ठरवा.

आपल्या परभणीकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. निजामाच्या राज्यात १८८४ पासून उर्दू ही राजभाषा होती. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. आपल्याकडच्या जुन्या पिढीतली कितीतरी माणसे उर्दूतून शिकली. म्हणून त्यांची मराठी सुटली नाही की पंढरीची वारी चुकली नाही. भाषा शिकणे वेगळे आणि श्रद्धा बदलणे वेगळे.

बायबल भाषेच्या वर्गात का चालते?

हा भाग इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी नीट वाचावा. बायबलमधले दृष्टांत म्हणजे छोट्या गोष्टी. पात्रे दोन-तीन, वाक्ये साधी आणि तीच ती रचना पुन्हा पुन्हा येते. शिवाय तोच मजकूर मराठीतही मिळतो, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येते. नवशिक्याला यापेक्षा सोयीचे काय हवे?

दुसरे कारण म्हणजे इंग्रजीतले अनेक वाक्प्रचार तिथूनच आले आहेत. लूकच्या शुभवर्तमानात वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट आहे. त्यावरून इंग्रजीत अशा माणसाला 'गुड समॅरिटन' म्हणतात. २०१९ मध्ये आपल्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. तिथेही हाच शब्द वापरला आहे. घर सोडून गेलेला आणि पस्तावून परत आलेला मुलगा म्हणजे 'प्रॉडिगल सन'. लहानाने बलाढ्याशी दिलेली झुंज म्हणजे 'डेव्हिड आणि गोलायथ'. इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना हे शब्द तुम्हाला नक्की भेटतील.

पण एक अडचणही आहे. जुन्या शाळांत वापरले जाणारे इंग्रजी भाषांतर १६११ सालचे होते. त्यात 'यू' च्या जागी 'दाऊ' आणि 'युवर' च्या जागी 'दाय' येते. ते पाठ करून कोणी आज मुलाखतीला गेला तर समोरचे हसतील. म्हणजे हे पुस्तक इंग्रजी साहित्य समजायला उत्तम, पण बोलायला शिकायचे तर आजचीच भाषा हवी.

घरे हादरली

आता गोष्टीची दुसरी बाजू. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी, बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण न्यायालयात गेले. पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा लहान होता. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा त्यांच्या ताब्यात देण्यात आला. पण घरी आला तरी त्याला जातीत परत घ्यायला सनातनी मंडळी तयार नव्हती. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याची शुद्धी व्हावी म्हणून खटपट केली, तर त्यांच्यावरच टीका झाली.

जरा त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका बाजूला शिक्षक, एका बाजूला वडील, एका बाजूला मोठा भाऊ, आणि समाज म्हणतो तू आमचा नाहीस. इंग्रजी शिकायला गेलेल्या पोरावर ही वेळ आली! सज्ञान नारायणने स्वतः विचार करून धर्म निवडला, तो त्याचा हक्क. पण अजाण मुलाचे काय? मिशनरी हेतू लपवत नव्हते हे खरे, पण वर्गातल्या मुलाचे वय काय आहे, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे.

कोणी काय घेतले?

शिक्षकाचा हेतू एक असला तरी विद्यार्थी काय घेऊन घरी जाईल ते शिक्षकाच्या हाती नसते. तीन उदाहरणे पाहा.

पहिले, जोतीराव फुले. त्यांची शाळा मध्येच सुटली होती. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची, गोविंदरावांची, समजूत काढली. १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तिथे ते इंग्रजी शिकले आणि त्या इंग्रजीच्या बळावर १८४७ मध्ये त्यांनी थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले. गंमत पाहा, हे पेन चर्चवर कडाडून टीका करणारे लेखक! जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांनी प्रेरणा घेतली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.

दुसरे, बाबा पदमनजी. मिशनच्या शाळेत शिकून १८५४ मध्ये ते ख्रिस्ती झाले. १८५७ मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. विधवांची दुःखे मांडणारी ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात. धर्म बदलला तरी लेखणी मराठीच राहिली.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे. तेच नारायण शेषाद्री १८६३ च्या सुमारास जालन्याला आले. परभणीहून सेलू, परतूरमार्गे रेल्वेने जाता ना, तेच जालना. तेव्हा हा सारा भाग निजामाच्या राज्यात होता. सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी 'बेथेल' नावाची वसाहत वसवली आणि मुख्यतः वंचित समाजात काम केले. मुंबईत त्यांना बायबलची गोडी इंग्रजी शाळेत लागली. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्या-मजुरांशी बोलायचे तर इंग्रजी काय कामाची? इथे त्यांना मराठीच लागली.

पंडिता रमाबाई : दोन्ही बाजू पाहिलेली बाई

या विषयावर सगळ्यात जास्त शिकवून जातात त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. तिथली देवघेव सरळ होती : रमाबाईंनी भारतात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि स्वतः इंग्रजी शिकायचे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण गुरूने सांगितले म्हणून मान डोलवायची, हा त्यांचा स्वभाव नव्हता. धर्मातली प्रत्येक गोष्ट त्या तपासून घेत आणि पटले नाही तर पत्रातून भांडत. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्यांनी संस्कृतही शिकवली.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. इथे कुणावर धर्म लादला जाणार नाही, असे आश्वासन होते. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. झाले, पुण्यात वादळ उठले! १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे होते, मी बळजबरी केली नाही, मग माझी प्रार्थना का लपवू? पालकांचे म्हणणे होते, आम्ही वेगळ्या भरवशावर मुली पाठवल्या. मला विचाराल तर दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. उघडे दार म्हणजे तटस्थता, असे रमाबाईंना वाटले. पालकांना तेच दार आमंत्रण वाटले. 'धर्म लादणार नाही' या शब्दांत नेमके काय बसते, हे आधीच मोकळेपणाने बोलले गेले असते तर काही मुलींचे शिक्षण वाचले असते. कारण मोठ्यांच्या भांडणात नुकसान झाले ते त्या मुलींचे.

कायदा काय सांगतो?

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांत बायबल ग्रंथालयात राहू दिले, पण सक्तीचे केले नाही. आज आपले संविधान आहे. कलम २५ प्रमाणे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांना बाधा न आणता प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल, तर विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याला तिथे बसवता येत नाही. आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. श्रीपतसारख्या मुलाच्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे.

पुन्हा त्या पाटीकडे

आपल्या काल्पनिक वर्गाच्या पाटीवर फक्त 'इंग्रजी वर्ग' असे लिहिले असेल आणि आत बायबल शिकवत असतील, तर शिक्षक कितीही चांगला असो, त्याने पहिल्या दिवशीच विश्वास गमावला. पण पाटीवर लिहिले असेल, 'आम्ही बायबलच्या आधारे इंग्रजी शिकवतो, ज्यांना चालेल त्यांनी यावे, लहान मुलांनी पालकांना विचारून यावे', तर तो प्रामाणिक सौदा झाला. मग जायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. हाच नियम गीता शिकवणाऱ्याला, कुराण शिकवणाऱ्याला आणि कोणत्याही विचाराचा प्रचार करणाऱ्या शिक्षकाला लागू आहे. मी शिक्षक आहे, मलाही लागू आहे.

आणि शिकवायला जाणाऱ्याने फादर स्टीफन्सना आठवावे. ज्याला आपली गोष्ट दुसऱ्याला सांगायची आहे, त्याने आधी त्याची भाषा शिकावी, त्याचे ऐकून घ्यावे. नुसती 'इंग्रजी देतो, त्या बदल्यात ऐका' ही वृत्ती गरजवंताच्या अडचणीचा फायदा घेते.

तुम्ही मात्र इंग्रजी शिकायला लाजू नका, घाबरू नका. जोतीरावांसारखे शिका : शिक्षकाचे आभार माना, आणि विचार स्वतःचा करा.

स्वाध्याय

१. फादर स्टीफन्स आणि अलेक्झांडर डफ यांच्या पद्धतींत कोणता फरक दिसतो?
२. नारायण आणि श्रीपत या दोन भावांच्या बाबतीत वयाचा मुद्दा का महत्त्वाचा ठरतो?
३. 'शारदा सदन'च्या वादात तुम्हाला कोणाची बाजू पटते? पाच-सहा वाक्यांत सकारण लिहा.
४. तुम्ही मोफत इंग्रजी वर्ग काढलात, तर पाटीवर काय लिहाल? मजकूर तयार करा आणि घरी वाचून दाखवा.